चेक : शब्द एक, व्यवहार अनेक

व्यापारी बांधवांनो, आपल्या पेढीवर दिवसभर कानावर पडणारा एक इंग्रजी शब्द म्हणजे 'चेक'. गिऱ्हाईक पैशांचा चेक देते, विणकर चेकचे कापड विणतो आणि माल आला की आपण तो चेक करून घेतो. एका शब्दाचे हे तीन अर्थ आले कोठून? शब्दकोश पाहिले तर तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, आणि ते ठिकाण आपल्या ओळखीचे आहे : फारसी शब्द 'शाह'.

शतरंजचा इशारा

बुद्धिबळाचा खेळ हिंदुस्थानातून इराणात गेला. आपल्याकडील 'चतुरंग' तेथे 'चतरंग' झाला. अरबांनी त्याला 'शतरंज' म्हटले आणि त्यांच्याकडून तो युरोपात पोहोचला. राजावर हल्ला झाला की खेळाडू 'शाह!' असे पुकारीत. म्हणजे तुमचा बादशाह धोक्यात आहे, दुसऱ्या सर्व चाली सोडा आणि आधी त्याला वाचवा. हाच शब्द जुन्या फ्रेंच भाषेत 'एशेक' आणि पुढे इंग्रजीत 'चेक' झाला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून खेळाचे 'चेस' हे नाव आले. 'चेकमेट' म्हणजे आपले 'शाह मात'. उर्दूत आपण 'शह और मात' म्हणतो, तर मराठीत 'शह देणे' आणि 'मात करणे' हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत.

शह मिळाला की खेळाडूला थांबावेच लागते. म्हणून इंग्रजीत 'चेक' म्हणजे थांबवणे, आवर घालणे असा अर्थ रूढ झाला. थांबवून पाहणे म्हणजे तपासणे, हा त्यापुढचा अर्थ. माल चेक करणे, हिशेब चेक करणे हे यातूनच आले. मुलुंडच्या चेकनाक्याच्या नावातही हाच अर्थ आहे. २०१७ साली जी.एस.टी. आला, जकात गेली, पण नाव राहिले.

पटावरून कापडावर

शतरंजच्या पटाला फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. पटासारखी घरे असलेले कापड ते 'चेकर' आणि थोडक्यात 'चेक'. आपल्याकडे यालाच उर्दूत चारखाना आणि मराठीत चौकडा म्हणतात. शतरंजच्या घरालाही आपण 'खाना'च म्हणतो, हे लक्षात घ्या.

आणखी एक गोष्ट कापडवाल्यांना आवडेल. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजण्यासाठी सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेज असे. त्यावर रेघांचे कापड अंथरून, घरांत सोंगट्या मांडून हिशेब करीत. पटासारख्या दिसणाऱ्या त्या मेजावरून खजिन्यालाच 'एक्सचेकर' हे नाव पडले. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतात.

बँकेचा चेक

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणजे हुंडीसारख्या कागदाचा मागे ठेवलेला अर्धा भाग, म्हणजे स्थळप्रत. दोन्ही भाग जुळवून पाहिले की लबाडी पकडता येई. त्या अर्थाने तो तपासणीचा कागद होता. पुढे हे नाव पैसे देण्याच्या कागदालाच मिळाले. 'एक्सचेकर'च्या प्रभावाने इंग्लंडमध्ये त्याचे स्पेलिंग वेगळे झाले. अमेरिकेत मात्र बँकेचा चेक आणि चौकड्याचे कापड आजही एकाच स्पेलिंगने लिहितात.

हा शब्द अरबी 'सक्क'पासून आला, असे आपल्यात अनेकदा सांगितले जाते. सक्क म्हणजे लेखी दस्तऐवज, आणि अरब व्यापारात त्याचा वापर खरोखर होता. दहाव्या शतकातील प्रवासी इब्न हौकल याने आफ्रिकेच्या वाळवंटापलीकडील औदाघोस्त येथे ४२,००० दीनारांचा सक्क पाहिल्याची नोंद केली आहे. पण इंग्रजी 'चेक'चा माग शब्दकोश 'शाह'कडेच नेतात. दोन्ही शब्दांचा उच्चार जवळचा आहे म्हणून मूळ एक ठरत नाही. सक्कचा इतिहास स्वतःच्या बळावर मोठा आहे, त्याला उसन्या आधाराची गरज नाही.

व्यवहारात काय पाहावे?

पहिली गोष्ट ऑर्डरची. नुसते 'चेक, ५० ताके' असे लिहिणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. रंगीत सुताचा विणलेला चेक हवा की छापील? घर किती इंचाचे? चौरस की लांबट? रंग कोणते? विणलेल्या चेकचे रंग कापडाच्या दोन्ही बाजूंना दिसतात, छापील चेक उलट बाजूने सहसा फिका असतो. शिलाईवाल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की शिवणीवर घरे जुळवायची तर साध्या कापडापेक्षा जास्त कापड लागते. भाव ठरवताना हा हिशेब आधी करावा.

दुसरी गोष्ट पैशांची. चेक हातात आला म्हणजे रोकड आली असे नव्हे. तो वटेपर्यंत उधारी उभीच असते. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत त्यावरील तारखेपासून तीन महिने आहे. पूर्वी ती सहा महिने होती, आणि जुन्या सवयीने अजूनही काही जण चेक गल्ल्यात ठेवून देतात. खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून चेक परत आला, तर १९८९ पासून लागू असलेल्या कलम १३८ चा आधार घेता येतो. त्यासाठी बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे भरण्यासाठी १५ दिवस मिळतात. तरीही पैसे आले नाहीत, तर पुढील एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. 'आज देतो, उद्या देतो' ऐकत बसले की या तारखा निघून जातात आणि खरा हक्कदारही अडचणीत येतो. म्हणून चेक परत येताच बँकेचा मेमो जपून ठेवावा, तारीख वहीत टिपावी आणि वकिलाला भेटावे. बिल, चलन आणि माल पोहोचल्याची सहीही सोबत असावी, कारण चेक खऱ्या देण्यापोटी होता हे कागदावर दिसले पाहिजे.

शतरंजमध्ये 'शाह' ऐकूनही जो दुसरीच चाल खेळायला जातो, त्याचा डाव फार वेळ टिकत नाही. परत आलेला चेक हा व्यापाऱ्याला मिळालेला शहच आहे. वेळ हातात असतानाच त्यावरची चाल खेळावी.