हळदीतलं शिसं

बांगलादेशात 1980च्या दशकात पुरामुळे हळद नीट वाळली नाही, हळकुंडं काळवंडली. काळपट माल कोण घेणार? म्हणून पॉलिश करताना त्यावर लेड क्रोमेट या शिसं असलेल्या रंगाची पिवळीधमक पूड चोळली जाऊ लागली. पूर ओसरला, पूड राहिली. पुढे गर्भवतींच्या रक्तातलं शिसं कुठून येतं याचा शोध स्टॅनफर्डच्या संशोधकांनी घेतला, तेव्हा शिशाच्या समस्थानिकांचा माग त्यांना हळदीच्या डब्यापर्यंत घेऊन गेला. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं. शासनाने छापे घातले, दंड केले, लोकांपर्यंत माहिती पोहोचवली. 2021 मध्ये ते एकाही नमुन्यात सापडलं नाही.

‘शरीरातले जड धातू बाहेर काढा’ अशा प्रत्येक संदेशात पहिलं नाव हळदीचंच असतं, म्हणून ही हकिकत आधी सांगितली.

शिसं शरीरात शिरतं ते कॅल्शियम, लोह यांच्या वाटेने. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या साखळीतल्या एका एन्झाइममधलं जस्त ढकलून ते तिथे बसतं. काम अडतं, अर्धवट माल साचतो आणि त्या साचलेल्या मालातून पेशी जाळणारे मुक्त कण तयार होतात. त्यांना आवरणारं शरीराचं स्वतःचं द्रव्य म्हणजे ग्लुटाथायोन. त्याची ताकद त्यातल्या गंधकात असते आणि शिसं नेमकं त्या गंधकालाच चिकटतं. एकीकडे वणवा पेटतो, दुसरीकडे विहिरीचा दोर कापला जातो.

वनस्पतींनी या संकटावर फार सुंदर तोड काढली आहे. जमिनीत कॅडमियमसारखा विषारी जड धातू असला तरी झाडाला जागा सोडता येत नाही. मग ते ग्लुटाथायोनचेच तुकडे एकमेकांना जोडून साखळ्या विणतं, त्यात धातू पकडतं आणि पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवतं. जर्मन शास्त्रज्ञांनी 1985 मध्ये या साखळ्या ओळखल्या. आपल्याला ही कला येत नाही.

झाडांकडून आपण उसनं घेतो ते गंधक आणि अँटिऑक्सिडंट. त्यात माणसांवर तपासलेला पुरावा लसणाच्या बाजूने आहे. इराणमध्ये मशहदजवळच्या मोटार-बॅटरी कारखान्यातल्या 117 कामगारांना दोन गटांत वाटून चार आठवडे एका गटाला लसूण, दुसऱ्याला डी-पेनिसिलामाइन हे औषध दिलं. दोन्ही गटांत रक्तातलं शिसं जवळपास सारखंच उतरलं आणि लसणाचे दुष्परिणाम औषधापेक्षा कमी होते. मला हा प्रयोग मोलाचा वाटतो, पण तो लहान होता आणि विषबाधा सौम्य ते मध्यम होती. हळदीतल्या कर्क्युमिनचे बहुतेक दाखले उंदरांवरचे आहेत. माणसाच्या आतड्यातून ते रक्तात फारच थोडं उतरतं. मुलाच्या रक्तात दर डेसिलिटरला 45 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असेल तर धातू बांधून बाहेर काढणारं औषध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे काढे पाजत बसणं म्हणजे मुलाच्या मेंदूशी खेळ आहे.

स्वयंपाकघराचं खरं बळ मला आतड्याच्या उंबऱ्यावर दिसतं. पोट रिकामं असलं की शिसं जास्त शोषलं जातं. लोह कमी असेल तर शिसं आणि कॅडमियम दोन्ही जास्त आत येतात, कारण लोह ओढून घेण्यासाठी शरीर जी वाट रुंद करतं, तिच्यातूनच हे धातूही शिरतात. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्तक्षय आहे. त्यांच्या ताटातल्या पालेभाजीवर पिळलेलं लिंबू, सोबत आवळ्याची फोड, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागण्याची सोय. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेही त्याच उंबऱ्यावर शिशाची वाट अडवतं.

आत शिरलेलं शिसं हाडांत जाऊन दशकानुदशकं बसतं. गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि त्याबरोबर तिच्या लहानपणीचं शिसंही. रंगाच्या पोपड्यांतून किंवा पेट्रोलच्या धुरातून आलेलं. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. मेक्सिकोत गर्भवतींना रोज कॅल्शियम दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं कमी झालं. आपल्याकडे आरोग्यकेंद्रातून चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या फुकट मिळतात. मळमळतं म्हणून कितीतरी जणी त्या फडताळात ठेवून देतात. त्या जेवणाबरोबर घ्याव्यात, फक्त लोहाच्या गोळीसोबत एका वेळी नको.