भ्रमणध्वनी आणि अवधान

१८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य विद्युच्चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली. त्यानंतर शंभर वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, त्याच नगरीतील रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. भारतातील भ्रमणध्वनीचा हा आरंभ होय.

अशा लहरींनी शरीरास अपाय होईल काय, अशी शंका पुष्कळांच्या मनात येते. क्ष-किरणांप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतकी शक्ती त्यांत नसते. त्या शरीरास किंचित उष्णता तेवढी देतात. तरीही शरीरात शोषली जाणारी ही शक्ती दर किलोग्रॅमला १.६ वॉटहून अधिक होऊ नये, असे बंधन भारतात आहे. जेथे संदेश क्षीण पोहोचतो तेथे यंत्र अधिक शक्तीने लहरी सोडते. म्हणून अशा ठिकाणी संभाषण आटोपशीर करावे, अथवा यंत्र कानापासून दूर धरावे.

नित्याचा धोका मात्र निराळाच आहे. तो विचलित चित्ताचा. ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार ३ सेकंदांत सुमारे ३३ मीटर अंतर कापते. तेवढा वेळ चालकाची दृष्टी यंत्रावर खिळली, तर ते अंतर तो जणू डोळे मिटून जातो. कोलकात्यातील चौरंगीसारखा गजबजलेला रस्ता ओलांडताना पादचाऱ्याचीही तीच गत होते. वाहन थांबवून अथवा पदपथावर उभे राहून बोलावे. त्यात जाणारा वेळ थोडा. वाचणारा जीव मात्र अमोल.