स्वादुपिंडाचा गंभीर दाह : ऑपरेशनला उशीर का?

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, ऑपरेशन कधी करणार?" अपेंडिक्सचं ऑपरेशन त्याच रात्री होतं, इथे पेशंट त्याहून अत्यवस्थ, तरी सर्जन 'थांबू या' म्हणतो. हे पटत नाही, आणि त्यात नातेवाइकांचा दोष नाही.

पोटात काय घडतं

स्वादुपिंड जठराच्या मागे, पार पाठीकडे असतं. पित्ताशयातला खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूचा अतिरेक झाला, की पाचकरस ग्रंथीतच सक्रिय होऊन तिलाच पचवू लागतात. बहुतेक पेशंट सलाईन आणि वेदनाशामकांवर आठवड्याभरात सावरतात. काहींच्या ग्रंथीचा आणि भोवतालच्या चरबीचा भाग मात्र मरतो. त्यात पुढे जंतू शिरले की दुखणं जिवावर येतं.

थांबण्यामागचं कारण

सुरुवातीला मेलेला आणि जिवंत भाग एकमेकांत मिसळलेले असतात. तेव्हा हात घातला तर रक्तस्राव ठरलेला. साधारण चार आठवड्यांत मेलेल्या भागाभोवती जाड आवरण धरतं, मग तो सुटा काढता येतो. तोवर अँटिबायोटिक आणि नाकातल्या नळीतून आहार. आतडं फाटलं, रक्त थांबेना किंवा पोटातला दाब फार वाढला, तर मात्र वाट पाहत बसता येत नाही.

आधी नळी, मग दुर्बीण

पूर्वी पोट उघडून सगळा मृत भाग एकदमच काढत. नेदरलँड्समधल्या सर्जननी 88 पेशंटवर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष 2010 मध्ये आले आणि ही पद्धत मागे पडली. पोट उघडलेल्यांपैकी 69 टक्क्यांना मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू आला. पायरीपायरीने, म्हणजे आधी नळी आणि गरज पडली तरच छेद, असे उपचार झालेल्यांत हे प्रमाण 40 टक्के होतं. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता, हेही सांगायला हवं. माझ्या मते त्यातला सर्वांत बोलका आकडा वेगळाच : पायरीच्या गटातल्या 35 टक्क्यांना नळीने पू काढण्यापलीकडे काहीच लागलं नाही.

ही नळी शक्यतो डाव्या कुशीतून, पाठीच्या बाजूने घालतात. पू निघूनही ताप हटला नाही, तर तिच्याच वाटेने लहानसा छेद घेऊन दुर्बिणीखाली काळपट, चिकट लगदा चिमट्याने काढतात. सुटून येईल तेवढाच. चिकटलेलं ओढायचं नाही. दुसरा मार्ग तोंडातून : एंडोस्कोपने जठराच्या भिंतीला भोक पाडून स्टेंट बसवतात आणि लागेल तसं पुन्हापुन्हा आत जाऊन साफ करतात. यात पाचकरस बाहेर झिरपत राहण्याचा त्रास कमी आणि डिस्चार्जही लवकर. कुठला मार्ग, हे पू कुठे साठलाय त्यावर ठरतं.

घरी गेल्यावर

खड्यांमुळे आजार झाला असेल, तर सूज आणि साठलेला द्रव ओसरल्यावर पित्ताशय काढावं लागतं. दारू आणि सिगारेट बंद. काहींना नव्याने मधुमेह जडतो, म्हणून साखर तपासत राहावी. शौच तेलकट, चिकट होऊ लागलं आणि वजन उतरू लागलं, तर पाचकरस कमी पडतायत असं समजून डॉक्टरांना दाखवावं. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणानंतर तासाभराने नव्हे, जेवतानाच घ्यायच्या.