वेळेवर पोहोचलो नाही, ही सल

आई किंवा वडील गेले की पहिले पंधरा दिवस घरात माणसांची रीघ असते. जलदान विधी होतो, पुण्यानुमोदन होते, पाहुणे आपापल्या गावी परततात. आमचे काम त्यानंतर सुरू होते. झोप उडालेली असते, छातीत धडधडते, जेवण नकोसे होते. बीपी-शुगरच्या गोळ्या डबीत तशाच पडून असतात. काही पुरुष दारूकडे वळलेले असतात. शेजारी बसून विचारले की पुष्कळांच्या तोंडून एकच गोष्ट येते : "मी वेळेवर पोहोचलो नाही."

हेमलकसाच्या परिसरात हे बोलणे नुसते मनाचे खेळ नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की हेमलकसा अलीकडे राहते आणि भामरागड पलीकडे तुटते. नागपूर-पुण्याला कामाला गेलेला मुलगा काठावर अडकतो आणि पुराचा दोष आपल्या माथी घेतो. त्याला "रडू नको, खंबीर हो" म्हणणे म्हणजे त्याचे तोंड दाबणे. त्याला बोलू द्यावे. पुन्हा पुन्हा तेच बोलला तरी ऐकावे.

बाबासाहेबांच्या चरित्रातला 1913 चा प्रसंग आपल्याला माहीत आहे. बडोद्यात नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते, तोच वडिलांच्या आजाराची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजीबाबांचे शेवटचे क्षण होते. 2 फेब्रुवारीला ते गेले. त्याच वर्षी बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. उशिराची सल घेऊन आलेल्या माणसाला आम्ही हा प्रसंग सांगतो. तो उशीर मायेपोटी झाला होता, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते.

हेमलकसाचीच दुसरी गोष्ट. बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 ला इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण सोडून आले, सोबत डॉ. मंदाकिनी. 9 फेब्रुवारी 2008 ला बाबा आनंदवनात गेले. त्यांचा देह जाळला नाही, तिथल्याच मातीत पुरला. त्याच वर्षी मुलाला आणि सुनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबांनी तो पाहिला नाही. काम मात्र थांबले नाही.

मोठ्या घरची गोष्ट, असे कोणी म्हणेल. खरे आहे. आपल्या आयांनी मागे संस्था ठेवलेली नसते. विळा असतो, कोंबड्या असतात, बचत गटाचे पासबुक असते. पण दुःखात हातांना काम लागते, ते यातूनही मिळते. एका बाईने आईच्या जागी गटाचा हिशेब लिहायला घेतला. दोन महिन्यांनी ती रात्री झोपू लागली. इथले माडिया लोक मृताच्या नावाने दगड उभा करतात, त्यासाठी नातलग पुन्हा जमतात. म्हणजे शोकाला परत एकदा माणसे मिळतात. आपल्याकडे पुण्यानुमोदनाला कर्ज काढून पंगती उठवतात. त्यापेक्षा दुसऱ्या महिन्यात चार माणसे घरी यावीत, हे आम्हाला जास्त गरजेचे वाटते.

शोक हा आजार नव्हे. पण सहा महिने उलटूनही माणूस कामाला लागत नसेल, कोणाशी बोलत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. "मलाही जायचे आहे" असे कोणी बोलले तर एक दिवसही थांबू नये, त्याला एकटे सोडू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते.

आणि भेटायला जाल तेव्हा "शेवटी काय झाले?" हे विचारू नका. ते त्यांनी शंभरदा सांगितलेले असते. आई मोहफुले वेचायला किती वाजता उठायची, कोणावर चिडायची, हे विचारा. सोबत भाजी-भाकरी न्या आणि समोर बसून त्यांना खाऊ घाला.