घरातच सुतारकामाची जागा करायचीय? मशीन घेण्याआधी 'लाकडाचा रस्ता' आखा

व्हिडिओ बघून सुतारकामाची हौस लागते. मग ड्रिल येतं, कटर येतं, कुणी थेट टेबल सॉ मागवतं. मशीन घरी आल्यावर कळतं की ती ठेवली तर लाकूड फिरवायला जागाच उरत नाही. त्यात घर आगाशीसारख्या समुद्राजवळच्या गावात असेल तर हिवाळ्यात मस्त सरकणारा ड्रॉवर जुलैत हलायचं नाव घेत नाही.

या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. मशीन कुठे बसेल याचा विचार झाला, लाकूड कुठून येईल, कुठे थांबेल आणि कुठून बाहेर पडेल याचा झाला नाही.

आगाशीला हा विचार नवा नाही. विरारजवळचं हे गाव सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी ओळखलं जायचं. पोर्तुगीजांनी १५३० आणि १५३१ असं सलग दोनदा त्याच्यावर हल्ला केला. जहाज बांधायची जागा पाण्याकाठीच लागते, कारण जड ओंडके आत आणायचे असतात आणि तयार जहाज बाहेर न्यायचं असतं. पडवीतल्या छोट्या वर्कशॉपलाही हाच हिशेब लागू होतो.

८ फुटांची शीट, १४ फुटांची पडवी

प्लायवूडची पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची असते. टेबल सॉवर ती लांबीत कापायची तर पात्याच्या अलीकडे ८ फूट, पलीकडे ८ फूट आणि माणसाला उभं राहायला किमान २ फूट हवेत. झाले १८ फूट. तुमची पडवी १४ फुटांची असेल तर काय?

भिंत पाडायची गरज नाही. मशीनला लॉक होणारी चाकं लावा आणि कापताना तिचं तोंड दाराच्या रेषेत आणा. कापलेली शीट दारातून ओट्यावर जाईल. तिथे तिला आधार द्यायला मशीनच्याच उंचीचा स्टँड मात्र हवा. दुसरा उपाय आणखी सोपा: अंगणात हातातल्या सर्क्युलर सॉनं शीटचे मोठे तुकडे करा आणि बारीक काम आत करा.

काम करायचं टेबल शक्यतो खिडकीजवळ ठेवा. सरळ उभं राहून हात खाली सोडले की मनगट जिथे येतं, साधारण तेवढी त्याची उंची ठेवा. रंधा मारताना कंबर दुखणार नाही. जागा फारच कमी असेल तर आपल्याकडचे सुतार पूर्वापार काय करत आले ते आठवा. जमिनीवर बसायचं, लाकूड पायानं धरायचं आणि पटाशी, हातोडी, गुण्या हाताच्या अंतरावर ठेवायचे.

पश्चिमेची भिंत सोडा

आगाशीच्या पश्चिमेला समुद्र आहे. पावसाळ्यात वारा आणि सर त्याच बाजूनं येतात, त्यामुळे त्या भिंतीला ओल धरते. लाकडाचा साठा घराच्या आतल्या बाजूच्या भिंतीला करा. जमिनीपासून निदान वीतभर वर ठेवा आणि फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घाला. हवा खेळते आणि वाळवी लागली तर लगेच दिसते.

हवेतली आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडात सुमारे १२ टक्के पाणी असतं. आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकून राहिली की ते सुमारे १६ टक्क्यांवर जातं. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणूनच ड्रॉवर अडकतो. आणलेलं लाकूड लगेच कापू नका, काही आठवडे घरच्या हवेत राहू द्या. ड्रॉवरच्या फटीही पावसाळा धरूनच सोडा. खाऱ्या हवेत पटाशी आणि रंध्याचं पातं लवकर गंजतं. तेलाचा हात फिरवून ते बंद कपाटात ठेवा.

भुसा म्हणजे नुसता कचरा नव्हे

लाकडाच्या धुळीमुळे माणसाला कर्करोग होतो, असं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच केलं आहे. त्यात नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग मुख्य आहे. धोका असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धुळीचा. म्हणून कापणं आणि घासणं जिथे होतं ती जागा घरातल्या दारापासून लांब ठेवा. मशीनलाच व्हॅक्यूमचा पाइप जोडा आणि एन-९५ मास्क वापरा. दुपारी समुद्राकडून वारा येतो. पश्चिमेची खिडकी उघडी ठेवून पूर्वेला एक्झॉस्ट फॅन लावला तर धूळ वाऱ्याबरोबर बाहेर जाते. तिकडे शेजाऱ्याची खिडकी नाही ना, हे मात्र आधी बघा.

पॉलिशची जागा धुळीपासून वेगळी हवी. जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि ढिगात ती कोंडली की चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वीज आणि आवाज

एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. दोन हॉर्सपॉवरची मोटर साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर चालवू नका. इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वायर चालायच्या वाटेत नको.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. टेबल सॉ याहून कितीतरी मोठ्यानं ओरडते. त्यामुळे मशीन चालवायची वेळ शेजाऱ्यांशी बोलून ठरवा आणि रात्री फक्त हाताची कामं करा.

सुरुवात कागदावर

आलेखाच्या कागदावर १ फुटाला १ सेंटिमीटर धरून खोली काढा. दारं, खिडक्या आणि पॉइंट दाखवा. टेबल, मशीन, कपाट यांचे त्याच मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापा आणि ८ बाय ४ सेंटिमीटरचा एक तुकडा शीटचा. आता ती 'शीट' दारातून साठ्याकडे, साठ्यातून मशीनवर, तिथून टेबलावर आणि परत बाहेर सरकवून बघा. जिथे अडेल, तिथलं सामान हलवा. ती कुठेच अडत नाही असं दिसलं की मग मशीनची ऑर्डर द्या.