हप्ता ठरवणारा माणूस

पेडण्यात काय, डिचोलीत काय, विमा म्हटला की एजंट आठवतो. पॉलिसी त्याने आणली म्हणजे हप्ताही त्यानेच ठरवला असणार, असे पुष्कळांना वाटते. एजंटाला दरपत्रक तयार मिळते. ते बसवतो विमागणिती, म्हणजेच अ‍ॅक्चुअरी.

कोण कधी मरणार हे तो आकडेमोडीने काढतो, हा समज त्याहून पक्का. असे गणित अस्तित्वातच नाही. भारतीय विमाधारकांच्या २०१२-१४ च्या मृत्युमान तक्त्याप्रमाणे चाळिशीच्या १०,००० विमाधारकांमागे वर्षाला साधारण १७ मृत्यू धरतात, पन्नाशीला ४४. ते १७ कोण, हे तक्ता सांगत नाही. शिवाय १७ ही सरासरी. एखाद्या वर्षी १३, एखाद्या वर्षी २१ होणे स्वाभाविकच, म्हणजे अंदाज जवळजवळ पावपट हुकला. विमाधारक १० लाख असतील, तर अपेक्षित मृत्यू साधारण १,७०० आणि नेहमीचा चढउतार चाळीसेकांचा, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत. म्हणून एकट्या पेडणे तालुक्यापुरता वेगळा आयुर्विमा काढला, तर एकच वाईट वर्ष त्याला बुडवू शकेल. पेडण्याच्या कुटुंबाला आधार मिळतो तो देशभरच्या अनोळखी लोकांच्या हप्त्यांतून.

‘काही झाले नाही, पैसे फुकट गेले’ ही तक्रार मुदतीच्या विम्याबद्दल नेहमी ऐकू येते. पण ते फुकट जात नाहीत. वय वाढते तशी जोखीम वाढते, हप्ता मात्र तोच राहतो. सुरुवातीची वर्षे आपण जोखमीपेक्षा जास्त भरतो. ते जास्तीचे पैसे राखीव निधीत राहतात आणि उतारवयातली तूट भरून काढतात. बाकीचा मोठा वाटा त्या १७ घरांत जातो. हे मला विम्यातले सर्वांत माणुसकीचे गणित वाटते.

डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या ट्रकमालकांसाठी एक गोष्ट. थर्ड पार्टी विम्याचा मूळ दर ट्रकच्या एकूण वजनावर ठरतो आणि केंद्र सरकार तो जाहीर करते. कंपनी बदलून हा भाग उतरत नाही. ट्रकच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मात्र कंपनीगणिक वेगळा असतो. शेतकऱ्यांसाठीही एक गोष्ट. प्रधानमंत्री पीक विम्यात खरिपाच्या भातासाठी शेतकरी जास्तीत जास्त २ टक्के भरतो. तो पूर्ण दर नसतो. विमागणिताने येणारा दर त्याहून जास्त असला, तर फरक केंद्र आणि राज्य भरतात.

पॉलिसी विकली की हिशेब संपला, असेही नाही. पुढे द्यावे लागणारे दावे आणि हाती असलेला निधी यांचे मूल्यांकन दरवर्षी होते, आणि आयुर्विमा कंपनीत त्यावर नियुक्त विमागणिती सही करतो. या व्यवसायाची भारतीय संस्था १९४४ ची. २००६ च्या कायद्याने तिचे इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया झाले. तिची प्रवेशपरीक्षा बारावीनंतर देता येते. पुढच्या परीक्षांना बरीच वर्षे लागतात, पण बहुतेक जण त्या नोकरी सांभाळून देतात. अलौकिक बुद्धी लागत नाही. संभाव्यता आणि संख्याशास्त्र मनापासून आवडायला हवे.