जुनी बॉडी, आखूड चासी

झरीसारख्या गावाने जीप खूप पाहिली. मुंबईत १९४७ पासून जुळवल्या गेलेल्या विलीज जीपचा तो वंश. इंजिन, पाटे, चाके सारे चासीवर; बॉडी तिच्यावर नुसती बोल्टांनी बसवलेली. म्हणूनच जुनी बॉडी दुसऱ्या चासीवर चढवण्याचा मोह होतो.

अडचण लांबीची. जुन्या छोट्या विलीजच्या पुढच्या-मागच्या आसांत ८० इंच अंतर, बोलेरोच्या सुमारे १०५. म्हणजे पंचवीस इंच चासी मधूनच कापायची. सरळ उभा काप घेतला तर सगळा ताण एकाच रेषेवर येतो. म्हणून काप तिरका घेतात, आतून पोलादी पट्टी जोडतात. त्याआधी दोन्ही कर्ण मोजतात. ते सारखे नसले तर गाडी रस्त्यावर तिरकी पळते. पुढे प्रोपेलर शाफ्ट आखूड करून त्याचा तोल साधायचा, ब्रेकच्या नळ्या नव्याने बसवायच्या. एक कच्चा सांधा आणि दाटीने बसलेली माणसे, एवढे अपघाताला पुरते.

शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा कटर हातात घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे. गाडीची ओळख तिच्या रूपावर नाही, चासी नंबरावर ठरते.